वैमानिकाने पाहिले, पण किती अंतरावर?

२ एप्रिल २०२२, शनिवार. गुढीपाडव्याची संध्याकाळ. सूर्य मावळून तासभर झालेला, गुढ्या उतरलेल्या, आणि उन्हाळ्याच्या रिवाजाप्रमाणे वऱ्हाडातली माणसे ओट्यावर, अंगणात येऊन बसलेली. पावणेआठच्या सुमारास पश्चिमेकडून आकाशात एक तेजस्वी ठिपका आला. पाहता पाहता त्याचे तुकडे झाले आणि तांबड्या-पिवळ्या शेपट्या ओढीत तो सारा जथा, जणू एका ओळीत, पूर्वेकडे निघून गेला. जळगाव, बुलडाणा, अकोला, अमरावतीपासून नागपूर-चंद्रपूरपर्यंत आणि सातपुड्यापलीकडे निमाडातही हे दृश्य दिसले. या दोहोंच्या मधोमध मेळघाट. धारणीसारख्या गावी तर रात्रीचे आकाश अजून पुरते काळे असते. तेथे असा प्रकाश नजरेतून सुटणे कठीणच.

कोणी म्हणाले विमान पेटले, कोणी म्हणाले क्षेपणास्त्र, कोणी उल्कावर्षाव. 'उडती तबकडी' म्हणणारेही होतेच. अशा वेळी हमखास ऐकू येणारे आणखी एक वाक्य म्हणजे, "आमच्या शिवारापलीकडेच पडले." चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावी मात्र खरोखरच सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे येऊन पडले. आसपासच्या भागात धातूचे गोळेही सापडले. सुरुवातीला काही जाणकारांनी त्याच दिवशी न्यूझीलंडहून सुटलेल्या एका रॉकेटचे नाव घेतले. ते चुकीचे ठरले. फेब्रुवारी २०२१ मध्ये चीनने सोडलेल्या 'लाँग मार्च ३ बी' रॉकेटचा वरचा टप्पा वर्षभर पृथ्वीभोवती फिरत होता. तो त्या संध्याकाळी वातावरणात शिरून जळाला, असे कक्षांचा हिशेब ठेवणाऱ्या खगोलशास्त्रज्ञांनी सांगितले. पडलेले तुकडे तपासायला इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन गेले.

सोमवारी वऱ्हाडातल्या अनेक शाळांत मुलांनी गुरुजींना प्रश्न विचारले असणारच. रॉकेटचे उत्तर दिले, तरी एखादा चुणचुणीत विद्यार्थी पुढचा प्रश्न टाकतोच: "सर, गावातली माणसे चुकली असतील, पण विमान चालवणारे वैमानिकसुद्धा तबकड्या पाहिल्याचे सांगतात. ते कसे चुकतील?" हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही, असे आम्हाला वाटते. वैमानिकाची दृष्टी तपासलेली असते, त्याला ढग, तारे, इतर विमाने रोज दिसतात, आणि खोटे बोलण्यात त्याचा काही फायदा नसतो. उलट हसे होण्याचीच धास्ती. अशा साक्षीदाराच्या शब्दाचे वजन किती धरायचे? इतिहासात शिरून पाहू या.

'उडती तबकडी' हा शब्दच एका वैमानिकामुळे जन्माला आला. २४ जून १९४७ रोजी केनेथ अर्नोल्ड हा अमेरिकन व्यावसायिक स्वतःचे छोटे विमान घेऊन वॉशिंग्टन राज्यातल्या माऊंट रेनियर शिखराजवळून चालला होता. त्याचा धंदा आग विझवण्याच्या साहित्याचा. त्या भागात एक लष्करी विमान बेपत्ता झाले होते आणि शोधणाऱ्याला बक्षीस होते, म्हणून तो जरा रेंगाळत पाहत होता. त्याला नऊ चकाकत्या वस्तू एका रांगेत जाताना दिसल्या. हा माणूस हुशार खरा. त्याने घड्याळ पाहिले. माऊंट रेनियरपासून माऊंट अ‍ॅडम्स शिखरापर्यंत जायला त्या वस्तूंना १ मिनिट ४२ सेकंद लागले. दोन शिखरांतले अंतर सुमारे ७५ किलोमीटर. गणित केले तर वेग ताशी अडीच हजार किलोमीटरांहून जास्त येतो! त्याने सावधपणे तो कमी करून ताशी १२०० मैल सांगितला. त्या वेळी ध्वनीच्या वेगाची मर्यादाही कोणा वैमानिकाने ओलांडलेली नव्हती. ती ओलांडली गेली त्याच वर्षी ऑक्टोबरात.

पाण्यावर बशी भिरकावली की ती जशी टप्पे घेत जाते, तशा त्या वस्तू चालल्या होत्या, असे अर्नोल्डने सांगितले. म्हणजे बशीची उपमा होती ती चालीला. वर्तमानपत्रांनी ती आकाराला चिकटवली, आणि त्यानंतर लोकांना आकाशात बशाच दिसू लागल्या.

आता त्याच्या गणिताकडे परत येऊ. वेळ बरोबर, शिखरांतले अंतर बरोबर. मग शंका कोठे घ्यायची? शंका घ्यायची ती या गृहीतात, की त्या वस्तू वीस-पंचवीस मैल दूर, शिखरांच्याच रांगेवरून चालल्या होत्या. त्याच वस्तू दहापट जवळ असत्या तर तेवढाच कोन कापायला त्यांना दहापट कमी वेग पुरला असता. खिडकीच्या काचेवरची माशी समोरच्या डोंगराचे एक टोक ते दुसरे टोक दोन सेकंदांत ओलांडते. म्हणून माशीचा वेग कोणी तासाला हजारो किलोमीटर मांडत नाही, कारण माशी काचेवर आहे हे आपल्याला ठाऊक असते. आकाशात हे ठाऊक नसते.

सारे मर्म येथे आहे. आपला डोळा कोन मोजतो, अंतर मोजत नाही. दोन डोळ्यांच्या मदतीने काही मीटरांपर्यंत अंतराचा चांगला अंदाज येतो. त्यापुढे आपण झाड, माणूस, बैलगाडी अशा ओळखीच्या आकारांवरून अंतर ठरवतो. रिकाम्या आकाशात ओळखीचे काहीच नसते. मग मन स्वतःच एक अंतर धरून चालते आणि त्यावरून आकार व वेगही ठरवून टाकते. हे सारे इतक्या झटकन होते, की पाहणाऱ्याला वाटते आपण आकार 'पाहिला', वेग 'पाहिला'.

दुसऱ्या महायुद्धातले एक उदाहरण तर आपल्या देशाशी संबंधित आहे. अमेरिकेची बी-२९ बॉम्बफेकी विमाने तेव्हा बंगालमध्ये खरगपूरच्या तळावर होती. त्यांतल्याच एका तुकडीचा वैमानिक कॅप्टन अल्वा रीडा ऑगस्ट १९४४ मध्ये श्रीलंकेतून सुमात्रातल्या पालेमबांगवर रात्रीच्या मोहिमेसाठी गेला. परतताना लालसर-नारिंगी रंगाचा एक गोळा आपल्या विमानाच्या उजव्या बाजूने, सुमारे पाचशे यार्डांवर, बरोबरीने येत होता, आणि त्याचा व्यास पाच-सहा फूट होता, असे त्याने नोंदवले. आपण वळलो की तोही वळे, असेही त्याचे म्हणणे होते. गोळा काय होता ते आज कोणी सांगू शकणार नाही. पण 'पाच-सहा फूट' हा आकडा 'पाचशे यार्ड' या आकड्यावर उभा आहे, आणि काळोख्या समुद्रावर पाचशे यार्ड मोजायला त्याच्याजवळ काहीच साधन नव्हते. 'बरोबरीने येतो' म्हणाल तर धारणीहून परतवाड्याला रात्री एस. टी. ने जाताना चंद्रही झाडांआडून आपल्याबरोबर धावतो, प्रत्येक वळणाला वळतो. फार दूरच्या वस्तूचे ते लक्षणच आहे.

यापुढची घटना मात्र दुःखद आहे. ७ जानेवारी १९४८ रोजी अमेरिकेतल्या केंटकी राज्यात आकाशात एक मोठी चमकती वस्तू दिसू लागली. गॉडमन विमानतळाच्या नियंत्रण मनोऱ्याने जवळून चाललेल्या लष्करी विमानांना ती पाहून यायला सांगितले. कॅप्टन थॉमस मँटेल वर चढत गेला. वस्तू धातूची आणि प्रचंड आकाराची दिसते, असे त्याने कळवले. त्याच्या विमानात प्राणवायूची सोय नव्हती. सोबतचे वैमानिक मागे फिरले. तो वीस हजार फुटांच्याही वर चढत राहिला, शुद्ध हरपली आणि विमान कोसळले. महायुद्धात नाव कमावलेला तो कसलेला वैमानिक होता.

हवाई दलाने प्रथम सांगितले की तो शुक्राच्या मागे लागला. पुढे उलगडा झाला तो असा, की अमेरिकन नौदल त्या काळी 'स्कायहूक' नावाचे प्लॅस्टिकचे अवाढव्य फुगे गुप्तपणे सोडत होते. तीस मीटर रुंदीचे हे फुगे तीस किलोमीटर उंचीपर्यंत जात. मँटेलला त्यांची माहिती असण्याचे कारण नव्हते. बहुतेक अभ्यासक आज हेच स्पष्टीकरण मान्य करतात. चार-पाच किलोमीटर वर गेलो की गाठू, असे त्याला वाटले असावे. वस्तू होती त्याच्या कितीतरी वर. अंतराची चूक येथे जिवावर बेतली.

असे फुगे परदेशातच उडतात असे समजू नका. होमी भाभांनी विश्वकिरणांच्या अभ्यासासाठी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत फुग्यांची परंपरा सुरू केली, आणि आज त्या संस्थेचे फुगे हैदराबादहून सुटतात. पातळ पॉलिथिनचे, हायड्रोजन भरलेले, पन्नास ते पंच्याऐंशी मीटर व्यासाचे हे फुगे तीस ते बेचाळीस किलोमीटर उंची गाठतात. जानेवारी २००१ मध्ये जयंत नारळीकरांच्या गटाने ४१ किलोमीटरपर्यंतच्या हवेचे नमुने आणले, ते अशाच फुग्याने. हे फुगे वाऱ्याबरोबर सोलापूरच्या दिशेनेही येतात, आणि मग हवाई छत्रीला बांधलेली उपकरणे कोणाच्या तरी शेतात उतरतात. 'हात लावू नका, पोलिसांना कळवा' अशी सूचना त्यासाठी आधीच प्रसिद्ध होते. पस्तीस किलोमीटर उंचीवर सूर्य आपल्यापेक्षा पंचवीसेक मिनिटे उशिरा मावळतो. त्यामुळे खाली अंधारून आले तरी असा फुगा वर लखलखत असतो. ज्याला हे माहीत नाही त्याला ते काय वाटेल, याची कल्पना वर्गातल्या मुलांनाच करू द्यावी.

अमेरिकन हवाई दलाने अशा नोंदींसाठी खास कचेरी उघडली. तिच्या 'ब्लू बुक' प्रकल्पाचे काम १९६९ मध्ये संपले तेव्हा एकूण १२,६१८ नोंदींपैकी ७०१ नोंदी 'अनोळखी' म्हणून शिल्लक राहिल्या. या कामाचे शास्त्रीय सल्लागार होते जे. अ‍ॅलन हायनेक हे खगोलशास्त्रज्ञ. तबकड्यांची थट्टा करणाऱ्यांपैकी ते नव्हते. उलट पुढे त्यांनी या विषयासाठी स्वतंत्र केंद्र काढले. म्हणून त्यांनी १९७७ साली काढलेला निष्कर्ष महत्त्वाचा वाटतो. वैमानिक सर्वांत भरवशाचे साक्षीदार असतील ही त्यांची अपेक्षा होती. हिशेब केल्यावर उलटेच दिसले. एकट्या वैमानिकाने पाहिलेल्या दहा वस्तूंपैकी जवळजवळ नऊ वस्तू पुढे ओळखता आल्या, म्हणजे त्याचा पहिला समज चुकीचा होता. हे प्रमाण सामान्य माणसांपेक्षाही थोडे जास्तच भरले.

असे का व्हावे? वैमानिकाचे शिक्षणच त्याला एक गोष्ट शिकवते: समोर काही दिसले की ते आपल्यावर आदळणार आहे असे धरून आधी विमान वाचव. तो दिव्याकडे पाहताना 'हा कोणता तारा' असे म्हणत नाही, 'हे कोणते विमान' असे म्हणतो. विमान वाचवायला ही सवय उत्तम, निरीक्षणाला मात्र घातक. जानेवारी २०११ मध्ये टोरांटोहून झुरिचला जाणाऱ्या एअर कॅनडाच्या विमानात सहवैमानिक डुलकी घेऊन नुकताच जागा झाला होता. समोरून एक विमान येत असल्याची सूचना त्याला मिळाली होती. त्याने शुक्रालाच ते विमान मानले आणि थोड्या वेळाने टक्कर टाळण्यासाठी विमानाचे नाक एकदम खाली दाबले. पट्टा न बांधलेली माणसे छताला आदळली. सोळा जण जखमी झाले.

त्यात अंधाराची आणखी एक करामत असते. काळोखात एकाच स्थिर दिव्याकडे टक लावून पाहिले की तो थोड्या वेळाने हलू लागल्यासारखा दिसतो. तारे असे डोलताना पाहून अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट यांनी १७९९ साली त्याची नोंद केली होती. प्रयोग सोपा आहे. खोली पूर्ण अंधारी करावी, विजेरीच्या काचेवर बारीक भोक पाडलेला काळा कागद लावावा आणि मुलांना दोन मिनिटे त्या ठिपक्याकडे पाहायला सांगून तो कोणत्या दिशेने गेला ते वहीत लिहायला सांगावे. मुलांनी एकमेकांच्या वह्या पाहू नयेत, एवढी काळजी घ्यावी. मग दिवा लावून टेबलावर जागच्या जागी असलेली विजेरी दाखवावी.

ज्यांना आपल्या शिक्षणाचा भरवसा वाटतो अशा आम्हा मंडळींसाठीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ३ मार्च १९६८ च्या रात्री रशियाच्या झोन्द-४ या यानाच्या प्रक्षेपणातला भाग अमेरिकेच्या अनेक राज्यांवरून जळत गेला. म्हणजे २०२२ साली विदर्भावर घडले त्याचाच जुना अवतार. पुष्कळांनी 'जळते तुकडे एका ओळीत गेले' एवढेच सांगितले. काहींनी मात्र चिरुटाच्या आकाराचे लांबलचक यान आणि त्याच्या प्रकाशित खिडक्या पाहिल्या. ओहायोमधल्या एका उच्चशिक्षित शिक्षिकेने तर दुर्बीण लावून उलट्या बश्यांसारखी तीन याने पाहिली आणि आपला कुत्राही घाबरल्याचे लिहिले. बाई खोटे बोलत नव्हत्या. अंधारात काही दिवे एका रांगेत, एकाच वेगाने चालले की मन त्यांच्या मध्ये एक काळे अंग भरून देते. या साऱ्या नोंदी तपासणारे विल्यम हार्टमन यांनी या भासाला 'विमानाभास' म्हणता येईल असे नाव दिले.

इतके वाचून कोणी म्हणेल, मग साक्षीदारांचे ऐकूच नये. ती चूक विज्ञानाने एकदा करून पाहिली आहे. आकाशातून दगड पडतात असे खेडूत शतकानुशतके सांगत होते आणि अठराव्या शतकातले विद्वान त्यांना हसत होते. २६ एप्रिल १८०३ रोजी फ्रान्समधल्या लेग्ल गावाभोवती दगडांचा पाऊस पडला, तेव्हा सरकारने झां-बाप्तिस्त बियो या तरुण शास्त्रज्ञाला चौकशीला पाठवले. तो गावोगाव हिंडला. कोणाला आवाज कोठून आला, दगड कोणत्या शेतात पडले, हे विचारत गेला आणि नकाशावर मांडत गेला. पडलेले दगड एका लंबवर्तुळात होते, त्या भागातल्या खडकांशी त्यांचे नाते नव्हते. खेडूत बरोबर होते. २२ मे २०१२ रोजी आपल्या नागपूर जिल्ह्यात काटोलला अशनी पडले, तेव्हा ते दगड उचलून तपासायला कोणाला संकोच वाटला नाही. त्याचे श्रेय त्या फ्रेंच चौकशीकडे जाते.

बियोने लोकांना 'तुम्हाला काय वाटले' हे न विचारता 'कोठे, केव्हा, कोणत्या बाजूला' हे विचारले. भारतातल्या अलीकडच्या घटनांत हाच फरक स्वच्छ दिसतो. २०१२ च्या ऑगस्टपासून पुढचे काही महिने लडाखच्या सीमेवर जवानांना पिवळसर प्रकाशगोल दिसत होते. चिनी टेहळणी यंत्रे असावीत असा संशय होता आणि नोंदी तीनशेच्या वर गेल्या. शेवटी बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेची मदत घेतली गेली. जागा आणि वेळा ताऱ्यांच्या संदर्भात ताडून पाहिल्यावर ते गोल शुक्र आणि गुरू निघाले! उंचावरच्या विरळ, स्वच्छ हवेत ग्रह फारच तेजस्वी दिसतात. जवानांनी नेटाने नोंदी ठेवल्या म्हणूनच कोडे सुटले.

याउलट २०१४ साली पुण्याहून अहमदाबादला जाणाऱ्या प्रवासी विमानाच्या वैमानिकाने सव्वीस हजार फुटांच्या आसपास एक अनोळखी वस्तू दिसल्याचे मुंबईच्या नियंत्रण कक्षाला कळवले. बातमी आली आणि विरली. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी इंफाळ विमानतळावर अशी वस्तू दिसल्यावर सुमारे तीन तास विमाने थांबवावी लागली. हवाई दलाने एकामागून एक अशी दोन राफेल विमाने शोधाला पाठवली, पण त्यांना काही आढळले नाही. अशा घटना 'अनोळखी' या खात्यात जातात. अनोळखी याचा अर्थ परग्रहावरचे असा नव्हे, आणि वैमानिक खोटारडा असाही नव्हे. मिळालेल्या माहितीत ओळख पटत नाही, एवढाच.

माहिती पुरेशी असली की काय होते, तेही पाहा. २०१५ साली अमेरिकन नौदलाच्या लढाऊ विमानातून घेतलेल्या एका चित्रफितीत समुद्रावरून एक वस्तू अफाट वेगाने जाताना दिसते. ती पाहताना विमानातल्या लोकांचे आनंदाचे चीत्कारही ऐकू येतात. नासाच्या समितीने २०२३ च्या अहवालात त्या फितीच्या कडेला दिसणारे आकडे घेतले: विमानाची उंची, कॅमेऱ्याचा कोन, वस्तूपर्यंतचे अंतर. साध्या त्रिकोणमितीने वस्तू समुद्रालगत नसून सुमारे तेरा हजार फुटांवर असल्याचे निघाले, आणि तिचा वेग ताशी सुमारे चाळीस मैल भरला. म्हणजे वाऱ्याबरोबर वाहणाऱ्या वस्तूइतका. बाकीचा वेग पाहणाऱ्या विमानाचा होता.

ही त्रिकोणमिती दहावीच्या पुस्तकाबाहेरची नाही. अमरावतीजवळ बेलोऱ्याच्या विमानतळावरून एप्रिल २०२५ पासून प्रवासी विमाने सुरू झाली आहेत. तेथे वैमानिकांची प्रशिक्षण संस्था उभारण्याचेही २०२४ मध्ये जाहीर झाले आहे. तेव्हा वऱ्हाडच्या आकाशात पाहणारेही वाढणार आणि दिसणारेही. धारणी आणि अकोला ही गावे जवळजवळ एकमेकांच्या उत्तर-दक्षिणेला, सरळ रेषेत सुमारे ९५ किलोमीटरांवर आहेत. गुढीपाडव्यासारखा एखादा प्रकाश या दोहोंच्या बरोबर मधून पूर्वेकडे गेला असे समजा. धारणीच्या शाळेने तो दक्षिणेला क्षितिजापासून ६० अंशांवर पाहिला आणि अकोल्याच्या शाळेने त्याच मिनिटाला उत्तरेला ६० अंशांवर. निम्मे अंतर साडेसत्तेचाळीस किलोमीटर. त्याला ६० अंशांच्या स्पर्शकाने, म्हणजे १.७३ ने गुणले की उंची आली ८२ किलोमीटर. इतक्या उंचीवर विमान नसते, फुगाही नसतो. तेथे उल्का जळतात आणि रॉकेटचे तुकडे. उल्का सेकंद-दोन सेकंदांत संपते. तुकडे मिनिटभर चालले असतील तर रॉकेट. तेच एखादे विमान दहा किलोमीटर उंचीवरून मधून गेले असते, तर दोन्ही शाळांना ते क्षितिजापासून जेमतेम १२ अंशांवर दिसले असते, आणि धारणीला बहुधा डोंगराआडच राहिले असते.

साहित्य लागते ते असे: पुठ्ठ्याचा कोनमापक, त्याच्या मध्यबिंदूतून सोडलेला दोरा, दोऱ्याला बांधलेला खडा, आणि सेकंद दाखवणारे घड्याळ. कोनमापक जवळ नसेल तर हात सरळ लांब करून मूठ धरावी; एक मूठ म्हणजे सुमारे दहा अंश. मुलांच्या वहीत चार रकाने आखून ठेवावेत: वेळ, दिशा, क्षितिजापासूनचे अंश, किती सेकंद दिसले. 'काय होते' हा रकाना पाचवा, आणि तो दुसऱ्या शाळेची वही आल्यावर भरायचा.